स्लॅबमधलं साणं

आमच्या घरी घड्याळ होतं, पण ते बैठकीत आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोक्यावर टांगलेलं. आम्हा बाकीच्यांना वेळ कळायची ती मायच्या खोकल्यावरून. पहाटेचा पहिला खोकला म्हणजे चुलीतली राख काढून झाली. मग पऱ्हाट्या मोडल्याचा कडकड आवाज, मग फुंकणीचा, आणि त्यापाठोपाठ तीन-चार उबळा आल्या की समजायचं, चूल पेटली. त्यानंतर भाकरीची थापथाप सुरू व्हायची. दोन भाकरींच्या मध्ये एक खोकला, असा हिशेब पक्का बसलेला. मी गोधडीत पडल्या पडल्या त्या खोकल्यांवरून किती भाकरी झाल्या ते मोजायची आणि आठवी झाली की उठायची, कारण आठवीनंतर चहा व्हायचा. ह्यात काही वावगं आहे असं घरात कोणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही. हे आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच जणांवर चिडणार आहे आणि त्यातून स्वतःला सोडवून घेतलं असं कोणी म्हणू नये.

आज मी तिशी ओलांडली आहे आणि भोकरदन, जाफराबाद तालुक्यांतल्या गावांमधून पत्रकं वाटत हिंडते. विषय एकच, घरातली हवा. टेंभुर्णीच्या बाजारात उभी राहून मी हे दोन शब्द बोलले की माणसं आधी आभाळाकडे बघतात. मग म्हणतात, "ताई, हवा तं आमच्याकडं एक नंबर हाय. खराब हवा तिकडं मोठ्या शहरात." मी त्यांना विचारते, तुमच्या घरात स्वयंपाक होतो त्या खोलीत तुम्ही शेवटचं कधी बसला होता? त्यावर हसतात. ते हसणं मी लहानपणापासून ओळखते. ते पहिल्यांदा ऐकलं तो दिवस आमच्या नव्या घराचा स्लॅब टाकायचा होता.

केदारखेड्यापासून चालत जावं एवढ्या अंतरावर आमचं गाव. स्लॅबच्या आधी आमचं घर माळवदाचं होतं, म्हणजे लाकडाच्या फळ्यांवर मातीचा जाड थर देऊन केलेलं सपाट छत. त्या छताला चुलीच्या बरोबर वर हातभर रुंदीचं एक चौकोनी भोक होतं. त्याला साणं म्हणायचे. त्यातून उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. सकाळी चूल पेटली की उन्हाची एक तिरपी पट्टी साण्यातून खाली उतरायची आणि धूर त्या पट्टीला धरून वर चढायचा. मी ताटलीत येसराची आमटी आणि कुस्करलेली भाकरी घेऊन ते बघत बसायची. पाऊस आला की कोणीतरी वर पळत जाऊन साण्यावर पत्र्याचा तुकडा आणि त्यावर दगड ठेवायचं, एवढीच त्याची कटकट. तेव्हा माय खोकायची नाही. मिरच्या भाजताना सगळेच खोकायचे, पण ते हसत हसत.

मग गावात एकेक करून स्लॅबची घरं झाली आणि आबांच्या जिवाला माळवद टोचायला लागलं. मातीचं छत म्हणजे मागासलेपण, हे त्यांच्या डोक्यात असं बसलं की पाहुणे आले तरी ते त्यांना बाहेर ओट्यावरच बसवायचे. शेवटी घर पाडलं आणि नवं उभं राहिलं. समोर फरशीची बैठक, रंगीत काचांच्या खिडक्या, दारावर आबांच्या नावाची संगमरवरी पाटी. स्वयंपाकघर सगळ्यात मागे. त्याच्या एका भिंतीला चुलत्यांचं घर लागून, दुसऱ्या भिंतीला आमचंच न्हाणीघर. तिसरी भिंत गल्लीकडची. तिच्यात मिस्त्रीनं खिडकी सोडली होती, ती आत्याबाईंनी बुजवायला लावली. आत्याबाई म्हणजे आबांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. तिचं म्हणणं, समोर मारुतीचा ओटा आहे, तिथं दिवसभर पुरुष बसलेले असतात, घरातली बाई भाकरी करताना त्यांना कशाला दिसायला पाहिजे? म्हणून बाई झाकली. ओट्यावर बसणाऱ्यांना उठवावं हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

घर बांधणारे सलीम मिस्त्री. अर्ध्या गावाच्या भिंती त्यांच्या हातच्या. घरात उर्दू बोलायचे, आमच्याशी त्यांची स्वतःची मराठी. आबांना मालक म्हणायचे, मायला भाभी. स्लॅब पडायच्या दिवशी नारळ फुटला, मजुरांसाठी पुरी-भाजी आणि बुंदीचं जेवण होतं, आणि गावातली माणसं उगाचच येऊन उभी होती, कारण आमच्याकडे स्लॅब बघायला लग्नासारखी गर्दी जमते. मी फळ्यांच्या जिन्यावरून वर गेले होते. लोखंडी सळ्यांच्या जाळीत, खाली जिथं चूल येणार होती त्याच्या नेमकं वर, सलीमचाचांनी तेलाचा पत्र्याचा डबा अर्धा कापून ठेवला होता आणि त्यात वाळू भरली होती.

आबांनी विचारलं, "हे काय?"

"साणं, मालक. चुलीच्या वर सोडून राह्यलो. स्लॅब सुकला की डब्बा काढून घेतो."

आबा म्हणाले, "येडा झाला का मिस्त्री? भोकच पाडायचं होतं तं स्लॅब कशाला? माळवद काय वाईट होतं? बुजव ते."

सलीमचाचांनी शांतपणे विचारलं की मग धूर कुठून जाईल. आबांनी जमलेल्या माणसांकडे बघत उत्तर दिलं, "दारातून जाईल. धुराला काय बोट धरून वाट दाखवाया लागती?" आणि सगळे हसले. तेच ते हसणं. माय खाली पाण्याची घागर घेऊन उभी होती. तिनं वर बघितलं आणि घागर मजुराच्या हातात दिली. सलीमचाचा मान हलवून खाली वाकले, आणि थोड्या वेळानं त्या जागेवर काँक्रीट पडलं.

धुराला खरंच वाट दाखवायला लागते. ती नसली की तो खोलीत बसतो, माणसासारखा. आमच्या नव्या स्वयंपाकघरात तो छतापासून सुरू व्हायचा आणि खाली खाली यायचा. उभं राहिलं तर तो डोळ्यांत, बसलं तर कपाळापाशी. वर्षभरात छत काळं झालं, मग भिंती, मग भिंतीवरच्या खुंटीची पिशवी. तवा-परात घासता येते, छत कोण घासणार? आमच्याकडे जळण म्हणजे पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं. वेचणी संपली की शेतात आयतीच मिळतात, बांधावर त्यांचे डोंगर रचलेले असतात. ज्या झाडांवर आबा नाकाला रुमाल बांधून फवारणी करायचे, तीच झाडं माय पुढं वर्षभर नाकाजवळ धरून फुंकायची, आणि तिच्या नाकाला रुमाल बांधावा असं कोणाला सुचलं नव्हतं. पावसाळ्यात पऱ्हाटी ओली, गोवरी ओली. मग तर चूल जळायची नाहीच, नुसती धुमसायची.

त्या काळ्या छतावर चुलीच्या वर पावसाळ्यात एक ओल उमटायची. बरोबर चौकोनी, हातभर. आबा दारातून ती बघायचे आणि सलीम मिस्त्रीला शिव्या घालायचे, एवढा नावाजलेला कारागीर आणि स्लॅब गळका टाकला म्हणून. आत कधी आले नाहीत. माय कधी कधी पीठ मळता मळता त्या चौकोनाकडे बघत बसायची. मला वाटायचं, मान अवघडली असेल.

आणि गॅस? होता. योजनेतून मिळाला होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, वर मायनंच भरतकाम केलेलं मोरांचं झाकण घालून ठेवला होता, देवासारखा. तो पेटायचा पाहुण्यांच्या चहाला, आणि तेही पाहुणे जावयाच्या दर्जाचे असतील तर. सिलिंडर संपलं तर पुन्हा कोण आणणार, हा एक धाक. दुसरं, आत्याबाईचं शास्त्र असं की गॅसवरची भाकरी खाल्ली की पोटात गॅस होतो. ती हे इतक्या ठामपणे सांगायची की डॉक्टरनंही मान डोलवावी. आबांना चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा लागायचा. त्या पापुद्र्याला वास कशाचा असतो ते मला आता माहीत आहे. आजही शहरातून गाड्या करून माणसं येतात आणि रस्त्याकडेच्या हॉटेलात 'चुलीवरचं जेवण' अशी पाटी बघून खूश होतात. ती भाकरी कोण करतंय आणि ती बाई कशी श्वास घेतेय हे बघायला त्यांच्यातला एकही मागच्या शेडमध्ये जात नाही. मी गेले आहे. एका मालकानं मला हाकललंही आहे.

मी बारावीला असताना मायचा खोकला वाढला. आता तो दोन भाकरींच्या मध्ये मावत नव्हता. राजूरच्या दवाखान्यातल्या गोळ्यांनी काही झालं नाही, तेव्हा आबा तिला जालन्याला घेऊन गेले. मी सोबत होते. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि मायला विचारलं, "बाई, बिडी ओढता का?"

मायनं आबांकडे बघितलं. ती "न्हाई" म्हणाली.

"खरं सांगा. इथं लाजायचं नाही."

"न्हाई वो. कधी हात न्हाई लावला."

डॉक्टर हसले. त्यांना तिचं खरं वाटलं नाही हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. त्यांनी औषधं लिहिली आणि सांगितलं की ओढणं बंद केल्याशिवाय गुण येणार नाही. त्या शिकलेल्या माणसाला एकच प्रश्न आणखी विचारायचा होता, स्वयंपाक कशावर करता. तीन शब्द. ते त्याला सुचले नाहीत आणि मला, विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीला, त्याच्यासमोर उच्चारता आले नाहीत. ह्या गोष्टीचा राग मला आजही येतो, आणि त्यातला अर्धा माझ्यावरचा आहे.

घरी येताना काळीपिवळी जीपमध्ये आबा सारखा खिसा चाचपत होते. मला वाटलं, काळजीत आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर ते बाजेवर बसून बिड्यांचं बंडल सोडून मोजत होते. ओठ हलवत, एकेक. संध्याकाळी परत. तिसऱ्या दिवशी परत. ज्या बाईनं त्यांच्यासाठी हजारो भाकरी धुरात बसून थापल्या, तिनं आपल्या बिड्या चोरल्या की काय ह्याची ते तपासणी करत होते. मी दाराआडून ते बघितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की राग पोटातून नाही, पायातून वर चढतो.

आत्याबाईला तर मेजवानीच मिळाली. ती स्वतः दिवसातून चारदा मिसरी लावायची, दात काळे कुळकुळीत. ती दळण पाखडता पाखडता म्हणाली, "आमच्या वहिनी छुप्या रुस्तम निघाल्या बया. मला एखादी दिली असती तं मी काय सांगणार होते कोणाला?" गोष्ट घराबाहेर गेली. हापशावर बायका मायला हसून विचारायला लागल्या की कोणत्या छापाची ओढतेस. माय घागर भरून निघून यायची.

त्या वर्षी आमच्या कॉलेजात काही कार्यकर्ते दारूबंदीची पत्रकं घेऊन आले होते आणि मी त्यांच्या मागे हिंडून पत्रक कसं लिहायचं ते शिकले होते. वाक्य छोटं. पहिल्या ओळीत घाव. वाचणाऱ्याला शेवटी काहीतरी करायला सांगायचं. मी वहीची पानं फाडली आणि लाल स्केचपेननं एकसारखी अकरा पत्रकं लिहिली. वर मायचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, आणि खाली: 'ही बाई बिडी ओढत नाही. ती रोज दोन वेळा तुमच्या भाकरीसाठी धूर ओढते. तुमच्या घरातही एक जण ओढते. खोटं वाटत असेल तर उद्या सकाळी चूल पेटल्यापासून विझेपर्यंत तिच्या शेजारी बसून दाखवा.' चिकटवायला खळ लागणार होती. ती मी मोरांचं झाकण काढून गॅसवर शिजवली. त्या गॅसवर पाहुण्यांच्या चहाशिवाय शिजलेला तो पहिला पदार्थ.

पिठाची गिरणी, दूध डेअरी, शाळेची भिंत, मारुतीचा ओटा, जिथं जिथं माणसं थांबतात तिथं मी ती लावली. मला वाटलं होतं, दुपारपर्यंत गावाला लाज वाटेल. दुपारपर्यंत ओट्यावरच्या पत्रकाखाली कोणीतरी कोळशानं लिहिलं होतं, 'कंपनी कोणती?' आणि माणसं ते एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवत होती.

माय ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेली होती. तिला वाचता यायचं नाही, पण बचत गटात सही शिकवली होती, त्यामुळे स्वतःचं नाव तेवढं ओळखता यायचं. गिरणीच्या दारावर डोळ्यांच्या उंचीला लाल अक्षरात तिला ते दिसलं. ती दळण तिथंच टाकून गावभर फिरली. ज्या ज्या भिंतीवर आपलं नाव आहे तिथून तिनं ते नखांनी खरवडून काढलं आणि सगळे कागद पदरात घेऊन घरी आली. मी अभ्यासाचं सोंग करून बसले होते. तिनं कागद चुलीत घातले आणि ते जळेपर्यंत थांबली.

मग म्हणाली, "लोक बोलून राह्यले होते. बोललेलं वाऱ्यावर जातं. तू ते लिहून लावलंस."

मी म्हणाले की मी तर तुझ्या बाजूनं लिहिलं होतं.

"मला विचारलं होतंस?"

आबांनी नाही विचारलं, आत्याबाईनं नाही विचारलं, डॉक्टरनं विचारलं तर भलतंच विचारलं, आणि मीही त्याच रांगेत जाऊन उभी राहिले होते, हातात खळीची वाटी घेऊन. माय चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तेव्हापासून आजपर्यंत कुठल्याही पत्रकात मी कोणा बाईचं नाव तिला विचारल्याशिवाय घातलेलं नाही.

पाचव्या दिवशी चतुर्थी होती. आबा आणि आत्याबाई राजूरच्या गणपतीला गेले. माय दर वेळी जायची, ह्या वेळी म्हणाली, दम लागतो, गर्दीत नको. जीप वळणावरून दिसेनाशी झाली तशी ती माझ्याकडे वळली आणि चार दिवसांत पहिल्यांदा बोलली. "सलीमभाऊकडं जा. म्हणावं, भाभीचा डब्बा काढून द्या."

"कोणता डबा?"

"त्याला ठावं हाय. जल्दी जा."

सलीमचाचा अंगणात दाढी करत होते. निरोप ऐकून त्यांचा वस्तरा थांबला. अर्धा गाल साबणाचा तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले, मग आत बायकोला ओरडून म्हणाले, "सुनती क्या, भाभी ने डब्बा मँगाया." आतून बाई म्हणाली, "नौ बरस लगे बेचारी को." मला काही समजेना. त्यांनी तोंड धुतलं, छन्नी आणि हातोडा घेतला, शिडी खांद्यावर टाकली आणि माझ्यापुढे चालायला लागले.

घरी मायनं चुलीवर पोतं टाकून ठेवलं होतं, भांडी बाहेर काढली होती. जणू दिवस ठरलेला होता. सलीमचाचा थेट स्लॅबवर चढले. मी आणि माय दारात उभ्या. वरून पहिला घाव पडला तेव्हा छताची काजळी पापडासारखी सुटली. दुसरा, तिसरा. मला वाटत होतं, स्लॅब फोडायला दिवस जाईल, घर हादरेल, आबा येतील. चौथ्या घावाला त्या चौकोनी ओलीच्या जागेचं प्लास्टर खाली आलं आणि त्याच्या मागून वाळू पडायला लागली. कोरडी, ओली, गोळे झालेली वाळू, पोत्यावर ढीग होईपर्यंत. मग एक गंजका पत्रा वर ओढला गेला आणि खोलीत उजेड पडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्या खोलीच्या भिंती दिवसा बघितल्या. त्या किती काळ्या आहेत हे अंधारात कळलंच नव्हतं.

सलीमचाचांनी भोकातून डोकं घातलं. म्हणाले, "मालकानं बुजव म्हणलं, मी वरून दोन बोटं सिमेंट फिरवलं. सळई एक पण न्हाई त्याच्यात. खालून प्लास्टर करताना भाभीला बोललो होतो, डब्बा अंदर हाय, जव्हा पाहिजे तव्हा बोलवा." मग म्हणाले, "मला वाटलं, आठ दिवसांत बोलावतील. पावसात वल आली की मालक मला शिव्या द्यायचे, मी ऐकून घ्यायचो. कारागिरीत खोट हाय म्हणून सारा गाव बोलला, पर मी तोंड न्हाई उघडलं. सांगितलं असतं तं पक्कं बुजवायला लावलं असतं."

मी मायकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"होतं की."

"नऊ वर्षं?"

तिनं पोतं उचललं, वाळू बाहेर नेऊन टाकली, परत आली, चूल पेटवली. उपवास तिचा होता, पण घरात जेवणारे होते. धूर उठला. सवयीनं तो आधी छताला लागून पसरला, मग त्याला उजेड सापडला आणि तो वर गेला. सरळ गेला. माय परातीसमोर बसून ते बघत होती, लहान मुलासारखी तोंड उघडं ठेवून.

स्लॅबच्या घरावरून धूर निघताना आमच्या गावानं कधी बघितला नव्हता. त्यामुळे पुढं जे झालं ते साहजिक होतं. ओट्यावरच्या माणसांना वाटलं, आग लागली. कोणी बादली, कोणी घागर घेऊन धावलं, चुलते आपल्या छतावरून आमच्या छतावर उडी मारून आले, आणि सलीमचाचा त्या सगळ्यांना हात जोडून सांगत होते की काही जळत न्हाई, भाकरी चालल्या. त्याच गोंधळात आबांची जीप आली. आबा हातात प्रसादाचा नारळ घेऊन, चपलेसकट, धावत थेट स्वयंपाकघरात घुसले. ते त्या खोलीत पाऊल टाकताना मी पहिल्यांदा बघत होते.

"कोणी पाडलं हे?"

वरून सलीमचाचांचा आवाज आला, "पाडलं न्हाई, मालक. तुमच्या स्लॅबमध्ये पह्यल्या दिवसापासून हाय. झाकण तेवढं काढलं."

आबांनी मायकडे बघितलं. "तुला ठावं होतं?"

"होतं."

"मंग बोलली का न्हाईस?"

माय भाकरी थापत होती. थाप थांबली नाही. म्हणाली, "तुम्ही बुजव म्हणले होते. मला वाटलं, खोकला ऐकून कधीतरी इथं येऊन बसताल. बसले असते, तर सांगितलं असतं. तुम्ही बिड्या मोजत बसले."

भोकातून सात-आठ डोकी खाली बघत होती. त्यातलं कोणी हसलं नाही. आबा तिथंच, चुलीपाशी, नारळ मांडीवर घेऊन खाली बसले. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. ते कशाचं ते मी ठरवत नाही, ओल्या पऱ्हाटीचा धूर साणं असलं तरी झोंबतोच. मग त्यांनी वर बघून विचारलं की पावसाचं काय करायचं. सलीमचाचा म्हणाले, उद्या पत्र्याची टोपी बसवतो. पैसे घेतले नाहीत त्यांनी. म्हणाले, हे काम स्लॅबच्या वेळचंच राहिलेलं होतं.

मला ह्या गोष्टीचा शेवट गोड करायचा नाही. साण्यानं धूर कमी झाला, संपला नाही. मोरांचं झाकण त्या आठवड्यात निघालं आणि गॅस रोज पेटायला लागला. आत्याबाईच्या पोटात काहीही झालं नाही. आबा बिडी अंगणात ओढायला लागले, सोडली मात्र नाही. पण मायच्या छातीतलं जे गेलं ते गेलं. पुढं दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी तीन शब्दांचा तो प्रश्न विचारला, सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आता आहे तेवढं जपायचं. माय सकाळ-संध्याकाळ तोंडात औषधाचा फवारा घेते. जिना चढताना तिसऱ्या पायरीवर थांबते. दोन बोटं सिमेंट. ते फोडायला चार घाव लागले, आणि ते फोडा म्हणायला एका बाईला नऊ वर्षं, कारण घरातल्या प्रत्येकाला भाकरी पाहिजे होती आणि ती कुठून येते हे कोणालाच बघायचं नव्हतं. हे मी मोठ्यानं म्हणते तेव्हा लोक सांगतात, ताई, तुम्ही फार चिडता. हो, चिडते. तुमच्या घरातल्या मागच्या खोलीत जाऊन या, मग आपण शांतपणे बोलू.

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी मायला विचारलं. सगळं वाचून दाखवलं, बिड्यांचं, गिरणीचं, डब्याचं. आबांचं वाचताना जरा आवाज खाली घेतला, ते बैठकीत होते. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "सारे हायेत ह्यात. सलीमभाऊचं तं नाव बी हाय. माझंच न्हाई."

मी म्हणाले, तूच तर त्या वेळी भिंतीवरून खरवडून काढलं होतंस.

"तव्हा विचारलं नव्हतंस," ती म्हणाली. "आता विचारलंस. घाल."

तिचं नाव गोदावरी.